हिरडी कोणाच्या खात्यात?

मधुमेहाला दहा-बारा वर्षं झालेल्या माणसाचा पुढचा दात हलू लागला, तर घरात कोणी दचकत नाही. "शुगर आहे ना, दात जाणारच," एवढ्यावर विषय मिटतो. माळव्यातल्या धार आणि देवास या पवारांच्या जुन्या संस्थानी गावांतल्या मराठी घरांत, जिथे सकाळ पोहे-जिलबीने सुरू होते, तिथे त्याला एक शेपूटही जोडलं जातं: गोडाचं फळ भोगतोय. दातांचे डॉक्टर ब्रश नीट करायला सांगतात, शुगरचे डॉक्टर पथ्य पाळायला सांगतात, आणि दोघांच्या सांगण्याचा सूर एकच असतो. चूक रोग्याची.

अलीकडे यावर उतारा म्हणून दुसरं टोक पुढे आलं आहे. हिरड्या सांभाळा, मधुमेह पळवा, अशा थाटाची पत्रकं दवाखान्यांच्या भिंतींवर आणि मोबाइलवर दिसतात. पहिल्या मतात हिरडी हा मधुमेहाचा बिनमहत्त्वाचा बळी आहे. दुसऱ्यात ती जादूची कळ आहे. दोन्ही मतं उथळ आहेत.

या लेखाचं म्हणणं असं: हिरड्यांचा जुनाट आजार, ज्याला माळव्यात सगळे पायरिया म्हणतात, तो मधुमेहाच्या घडणीतलाच एक भाग आहे. मधुमेह त्याला वाढवतो आणि तो उलट मधुमेहाला वाढवतो. हा उलटा परिणाम फार मोठा नाही, पण मोजता येण्याइतका पक्का आहे. म्हणून हिरडी तपासणं हे मधुमेहाच्या उपचारातलं काम ठरतं. ते तसं होत नाही याचं कारण शरीरात शोधून सापडणार नाही. ते पदव्या, खाती आणि विम्याच्या वाटणीत आहे.

कीड वेगळी, पायरिया वेगळा

पहिला घोटाळा आजार ओळखण्यातच होतो. गोड खाण्याने दात किडतो, म्हणजे दाताच्या कठीण भागाला खड्डा पडतो. तो ठणकतो, रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. पायरिया दाताला धरत नाही, दात ज्यात रोवलेला असतो त्या हिरडीला आणि जबड्याच्या हाडाला धरतो. तो बहुधा दुखत नाही. थुंकीत थोडं रक्त, तोंडाला वास, दोन दातांत वाढलेली फट, एवढ्यावर तो पंधरा-वीस वर्षं काढतो.

दंतवैद्य तो कसा पाहतात, हे जवळून पाहण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली एक बारीक सळी असते. तिच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोळा, आणि साडेतीन ते साडेपाच मिलिमीटरच्या दरम्यान एक काळा पट्टा. सळी दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवायची. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरच्या आतच अडते आणि काळा पट्टा पूर्ण बाहेर दिसतो. आजारी हिरडीत पट्टा बुडू लागतो. पुरता बुडाला, तर तिथे हाड खाली गेलेलं आहे आणि दाताभोवती खोल खिसा तयार झालेला आहे असं समजायचं. सळी काढली की काही क्षणांत त्या जागी रक्ताचा थेंब वर येतो. हा थेंब म्हणजे दाह चालू असल्याची खूण. सगळ्या दातांभोवती फिरायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

धार जिल्ह्यात या घोटाळ्यात आणखी एक भर पडते. तिथल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, त्यामुळे दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. दातांचं काहीही बिघडलं तरी खापर पाण्यावर फुटतं. फ्लोराइडचे डाग मात्र लहानपणी, दात घडत असतानाच पडतात, आणि दातांच्या वरच्या थरावर पडतात. चाळिशीनंतर दात हलू लागण्याशी त्यांचा संबंध लावणं म्हणजे खऱ्या आजाराला आयती पळवाट देणं.

पहिली पायरी: मळ सारखाच, परिणाम वेगळा

पायरिया म्हणजे अस्वच्छतेचा आजार, हे मत इतकं रुळलं आहे की त्याला पुरावा मागावा असं कोणाला वाटत नाही. पुरावा आहे, आणि तो अर्धाच आहे. हॅराल्ड लो या नॉर्वेजियन दंतवैज्ञानिकाने १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झाल्यावर सूज उतरली. मळ साचला की हिरडी सुजते, हे इथे सिद्ध झालं.

याच लो यांनी पुढे श्रीलंकेच्या चहामळ्यांत ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्यांचा माग पंधरा वर्षं घेतला. या मजुरांना दातांचे कसलेच उपचार मिळत नव्हते आणि दात घासण्याची रीतही नव्हती. सगळ्यांच्या दातांवर मळ आणि किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. घाणीनेच सगळं ठरत असतं, तर सगळ्यांचे दात सारखेच पडायला हवे होते. १९८६ साली छापलेला निष्कर्ष वेगळाच होता. सुमारे ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने आणि ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही.

मळ आजार सुरू करतो. तो किती खोल जाईल हे त्या मळाला शरीर कसं उत्तर देतं त्यावर ठरतं. इथून पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. हे उत्तर बिघडवणाऱ्या गोष्टी कोणत्या? दोन नावं सगळ्यांत वर येतात, तंबाखू आणि मधुमेह. २०१७ साली पायरियाचं जे नवं जागतिक वर्गीकरण ठरलं आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं, त्यात आजाराची प्रत ठरवताना याच दोन गोष्टी नावाने घेतल्या आहेत. एचबीए१सी, म्हणजे लोक जिला "तीन महिन्यांची शुगर" म्हणतात ती चाचणी, ७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर हिरडीचा आजार थेट सगळ्यांत वेगवान गटात धरला जातो.

दुसरी पायरी: साखर हिरडीत काय करते

अमेरिकेतल्या ॲरिझोनात गिला नदीकाठी राहणाऱ्या पिमा आदिवासींत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिकांपैकी आहे, म्हणून तिथे अनेक दशकं पाहणी चालू राहिली. १९९० साली तिथूनच आकडा आला की मधुमेह असणाऱ्यांत पायरिया नव्याने होण्याचं प्रमाण इतरांच्या २.६ पट आहे. तीनच वर्षांनी लो यांनी पायरियाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या, जखमा न भरणं, आणि मग हिरडी. पहिल्या पाचांसाठी आज रोग्याला कुठे ना कुठे पाठवलं जातं. सहावीची चिठ्ठी कोणी लिहीत नाही.

आत काय घडतं? रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते आणि त्यांचं रूप कायमचं बदलते. अशी साखर-चिकट प्रथिनं हिरडीच्या पेशींवरच्या विशिष्ट ग्राहकांना जाऊन लागतात, आणि पेशी दाहाची रसायनं जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ सोडत राहतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मधुमेही उंदरांत हा ग्राहक अडवून पाहिला, तेव्हा हाडाची झीज कमी झाली. शिवाय जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी मधुमेहात मंदावतात आणि हिरडी दाताला धरून ठेवणारे कोलॅजनचे धागे तुटतात तितक्या वेगाने पुन्हा विणले जात नाहीत. मारा ढिला, दाह जास्त आणि डागडुजी अपुरी.

लगेच एक मर्यादा सांगायला हवी. हे सगळं घडतं ते साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेहात. ज्याची साखर वर्षानुवर्षं नीट आहे, त्याच्या हिरडीचा धोका मधुमेह नसलेल्या माणसाच्या जवळपास येतो. "शुगर आहे, दात जाणारच" हे वाक्य त्यामुळे तथ्यातही चुकतं.

तिसरी पायरी: उलटा रस्ता

इथवर बहुतेक डॉक्टर मान डोलावतात. वाद सुरू होतो पुढच्या विधानावर: हिरडीचा आजार साखर वाढवतो.

पायरिया झालेल्या तोंडातल्या सगळ्या खिशांचं आतलं सुजलेलं, ओलं अस्तर एकत्र पसरलं तर ते ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरेल असा अंदाज आहे. एवढी उघडी, रक्त येणारी जखम मधुमेह्याच्या तळपायावर दिसली तर कोणताही डॉक्टर त्याच दिवशी ड्रेसिंग करतो, प्रतिजैविक देतो, साखर तपासतो. तोंडातली जखम वर्षानुवर्षं तशीच राहते, कारण ती दोन ओठांआड आहे. चावताना, घासताना तिच्यातून जंतू आणि त्यांचे तुकडे रक्तात जातात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती दाहाची रसायनं तयार करत राहते. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ ही त्यांतली दोन नावं. हीच रसायनं स्नायू आणि यकृताला इन्शुलिनला दाद देण्यापासून रोखतात. लठ्ठपणात पोटाच्या चरबीतून जे घडतं, ते लहान प्रमाणात हिरडीतून घडतं.

शंका जुनी आहे. विल्यम्स आणि महान या दोघांनी १९६० साली ९ मधुमेही रोग्यांच्या हिरड्यांवर उपचार केले, तेव्हा त्यांपैकी ७ जणांची इन्शुलिनची गरज कमी झाल्याचं त्यांनी नोंदवलं. नऊ जणांवरून काही सिद्ध होत नाही. पण प्रश्न नीट विचारला गेला, आणि पुढच्या साठ वर्षांत तो चाचण्यांत पुन्हापुन्हा तपासला गेला. कोक्रेन या पुरावे चाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ साली ३५ चाचण्यांतल्या ३,२४९ रोग्यांचा हिशोब एकत्र मांडला. हिरडीखालचं किटण काढून खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४३ ने उतरला आणि सहा महिन्यांनंतरही ०.३० चा फरक टिकला होता. त्याआधी, २०१८ साली, लंडनमध्ये २६४ रोग्यांवर झालेल्या चाचणीत दर तीन महिन्यांनी पाठपुरावा ठेवला होता, गरज पडली तिथे शस्त्रक्रियाही केली होती. वर्षाअखेरीस भरपूर उपचार मिळालेल्यांचा एचबीए१सी जुजबी सफाई मिळालेल्यांपेक्षा ०.६ ने कमी भरला.

उलट्या रस्त्याला एक आडवाटही आहे. तिच्यावर संशोधकांचं लक्ष कमी जातं, पण स्वयंपाकघरात ती रोज दिसते. दाढा हलू लागल्या की ताटातून आधी जातं ते चावावं लागणारं. मुळा, काकडी, फुटाणे, मक्याची रोटी, ज्वारीची भाकरी जाते. उरतं ते गिळता येणारं. चहात बुडवलेला टोस्ट, मऊ पोहे, खिचडी, वरणात भिजवून कुस्करलेला तुपातला बाफला. मधुमेहाच्या आहारतक्त्यात जे वाढवायला सांगितलेलं असतं तेच सुटतं आणि जे कमी करायला सांगितलेलं असतं तेच वाढतं. आहारतज्ज्ञ समोरच्याला दाढा किती आहेत हे न विचारता तक्ता हातात देतात, आणि महिन्याभराने "पथ्य पाळत नाही" असा शेरा मारतात.

आक्षेप, आणि त्यांतले काही रास्त

सगळ्यांत सरळ आक्षेप असा, की पायरिया आणि मधुमेह एकत्र दिसतात कारण दोघांची कारणं एकच आहेत: गरिबी, तंबाखू, वजन, वय. पाहणीवर आधारलेल्या आकड्यांना हा आक्षेप लागू पडतो. पिमांमध्ये तीव्र पायरिया असलेल्या मधुमेह्यांत हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या आजाराने मरण्याचा धोका इतरांच्या ३.२ पट निघाला, असं २००५ साली प्रसिद्ध झालं. त्यातला किती वाटा हिरडीचा आणि किती एकंदर हलाखीचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. म्हणूनच वरच्या चाचण्यांचं महत्त्व आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले की गरिबी आणि तंबाखू दोन्हीकडे सारखे वाटले जातात. फरक उरतो फक्त हिरडीच्या उपचाराचा.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. २०१३ साली अमेरिकेत ५१४ रोग्यांवर झालेली मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण हिरड्यांवर उपचार होऊनही एचबीए१सी तसूभरही उतरला नाही. हिरडीवाद्यांची त्यावरची पहिली प्रतिक्रिया चिडचिडीची होती, आणि ती शोभली नाही. पण त्यांच्या काही हरकतींत तथ्य आहे. त्या रोग्यांचा एचबीए१सी मुळात सरासरी ७.८ होता, म्हणजे उतरायला फारशी जागा नव्हती. बहुतेक जण बरेच लठ्ठ होते. चरबीतून येणारा दाहच इतका की हिरडीचा वाटा त्यात बुडून जावा. आणि उपचारानंतरही त्यांच्या दातांवर पुष्कळ मळ आणि हिरड्यांत पुष्कळ रक्तस्राव शिल्लक होता. हिरडी पुरती बरीच झाली नसेल, तर ती बरी होण्याचा साखरेवर काय परिणाम होतो हे त्या चाचणीतून कळणार कसं? तरीही ही चाचणी बाजूला सारून चालणार नाही. कोक्रेनच्या हिशोबात तीही धरलेली आहे, ०.४३ हा आकडा तिच्यासकटचा आहे.

मग ०.४३ म्हणजे तरी काय? नवी गोळी सुरू केल्यावर साधारण अर्ध्या ते एक टक्क्याची घट अपेक्षित असते. म्हणजे हिरडीची सफाई एका सौम्य गोळीच्या आसपास येते. ब्रिटनमधल्या मधुमेहाच्या प्रदीर्घ पाहणीत एचबीए१सी एका टक्क्याने कमी असण्याशी मधुमेहामुळे होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी आणि डोळे-मूत्रपिंडासारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी असणं जोडलेलं आढळलं होतं. हे आकडे सरळ निम्मे करून हिरडीच्या नावावर जमा करणं गैर आहे. आणि या घटीमुळे कोणाचीही गोळी बंद होणार नाही. भिंतीवरच्या पत्रकांचा खोटेपणा नेमका इथे आहे. पण ज्याची साखर दोन गोळ्या घेऊनही ८.२ वर अडली आहे, त्याला तिसरी गोळी लिहिण्याआधी तोंड उघडायला सांगणं हा रास्त वैद्यकीय निर्णय आहे. त्यात दात वाचतात, हा नफा तर कोणत्याच गोळीत नाही.

एक आक्षेप इतिहासातून येतो आणि तो विसरता कामा नये. १९१० साली विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान देताना तोंडातल्या सेप्सिसवर अनेक आजारांचं खापर फोडलं. पुढची दोन-तीन दशकं संधिवातापासून ते मानसिक आजारापर्यंत सगळ्यावर दात उपटण्याचा सपाटा चालला. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी तर वेड बरं करण्यासाठी रोग्यांचे दात, टॉन्सिल आणि पुढे आतड्याचे भागही काढले. अनेक रोगी त्यात दगावले. त्या लाटेची लाज वैद्यकशास्त्राला इतकी वाटली की तोंड आणि शरीर यांचा संबंध जोडणारी कोणतीही गोष्ट पुढे बराच काळ संशयाने पाहिली गेली. आजचा दावा त्यापेक्षा वेगळा आहे, कारण तो तपासता येतो, तपासला गेला आहे, आणि दात ठेवण्याच्या बाजूचा आहे.

वाटणी कशी झाली

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांच्या, पूर्वलक्षणांत टाळू, घसा, जीभ आणि दातांवर मळ साचणं गणलेलं आहे. त्याच स्थानात दंतमुळाचे १५ रोगही येतात. यावरून आपल्याकडे सगळं आधीच ठाऊक होतं, अशी छाती फुगवण्याचं कारण नाही. एवढंच दिसतं की लघवीकडे आणि हिरडीकडे एकच वैद्य पाहत होता.

ती नजर दोन ठिकाणी वाटली गेली ती बरीच अलीकडे. १८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंत महाविद्यालय निघालं, वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाहेर. भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला पहिलं दंत महाविद्यालय काढलं. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने वेगळी परिषद, वेगळी नोंदणी आली. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोगाच्या कायद्याने ते वेगळेपण नव्या नावाने पुढे चालू ठेवलं. या वेगळेपणाने दंतवैद्यकाचं भलं झालं, यात शंका नाही. तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं त्यातूनच उभी राहिली. पण मधुमेहावर उपचार करणारा डॉक्टर हिरडी हा आपला प्रांत समजत नाही, ही त्याची किंमत आहे.

विम्याने त्यावर शिक्का मारला. आयुष्मान भारत योजना रुग्णालयात भरती झालेल्याचा खर्च उचलते. बाह्यरुग्ण विभागातला उपचार तिच्यात बसत नाही. पायरियाच्या उपचारासाठी कोणाला भरती करावं लागत नाही. म्हणजे मधुमेहाने पाय सडला तर तो कापण्याचे पैसे मिळतील, त्याच मधुमेहाने सडलेल्या हिरडीच्या सफाईचे मिळणार नाहीत.

देवासला ठाऊक असलेली एक जोडगोळी

खात्यांच्या भिंती पाडता येत नाहीत असं कोणी म्हणेल, तर देवासकरांपुढे एक उदाहरण आहे. गायक कुमार गंधर्व १९४८ साली या गावात आले ते क्षयाने पोखरलेलं फुप्फुस घेऊन, कोरड्या हवेसाठी. त्या काळी क्षय म्हणजे हवा, विश्रांती आणि नशीब. नवं औषध नुकतं कुठे हाती येऊ लागलं होतं. आज माहीत आहे की मधुमेहात क्षयाचा धोका दोन ते तीन पट होतो आणि क्षयाने साखरही बिघडते. हासुद्धा दुतर्फा संबंधच. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आणि भारत सरकारने २०१७ साली त्यावर आराखडा काढला: क्षयाच्या प्रत्येक रोग्याची साखर पाहायची, मधुमेह्याला खोकल्याबद्दल विचारायचं. दोन वेगळे राष्ट्रीय कार्यक्रम, दोन वेगळी रजिस्टरं, तरी जोड बसली.

हिरडीची जोड यापेक्षा सोपी आहे, कारण तोंड आधीच उघडलं जातं. तिशीपुढच्या प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि तीन कर्करोगांसाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम गावोगाव चालतो. आशा कार्यकर्ती घरी जाऊन फॉर्म भरते. आयुष्मान आरोग्य मंदिरात बोटाला सुई टोचून साखर पाहतात आणि मग टॉर्च लावून गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा आहे का, ते पाहतात. एकच माणूस, एकच बैठक. टॉर्चचा झोत हिरडीवरून जातो आणि तिथे कोणाचीही नजर थांबत नाही, कारण कागदावर तो रकाना कर्करोगाचा आहे. घासताना रक्त येतं का, दात हलतात का, दात लांब झाल्यासारखे वाटतात का, हे तीन प्रश्न त्याच फॉर्मात बसतील.

धारमध्ये मात्र हे जसंच्या तसं उतरवता येणार नाही. या जिल्ह्याची निम्म्याहून जास्त लोकसंख्या आदिवासी आहे, भिल्ल आणि भिलाला समाजांची. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशातूनच, शहडोलहून, सुरू झालं. सिकलसेल असेल तर तांबड्या पेशी लवकर मरतात आणि एचबीए१सी खोटा कमी येऊ शकतो. लोह कमी असलेल्या पंडुरोगात तो खोटा जास्तही येतो. हिरडीच्या उपचाराने साखर उतरली की नाही, याचा सगळा जागतिक हिशोब ज्या चाचणीवर उभा आहे, तीच इथे डोळे मिटून वापरता येत नाही. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर सोबत पाहावी लागेल. लंडन आणि अमेरिकेतले आकडे जिल्ह्यातल्या कुक्षी-मनावरला लावताना हे भान सुटलं, तर एखाद्या रोग्याची वाढलेली साखर कागदावर सुरेख दिसत राहील.

तंबाखूचंही असंच. गुटख्यावर देशात पहिली बंदी मध्य प्रदेशाने घातली, १ एप्रिल २०१२ ला. मग पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकले जाऊ लागले आणि गिऱ्हाईक ते तळहातावर एकत्र करू लागलं. तंबाखू सुटला नाही; आणि विडी-सिगरेट ओढणाऱ्याच्या हिरडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार खोल असूनही रक्त कमी येतं. "माझ्या हिरडीतून रक्त येत नाही" हे त्याचं उत्तर म्हणूनच फसवं. अशा माणसाला वरच्या तीन प्रश्नांतला पहिला विचारून भागणार नाही, दुसरा-तिसरा विचारावाच लागेल.

उलट दिशेनेही काम होऊ शकतं. कोलंबिया विद्यापीठाच्या दंतचिकित्सालयात २०११ साली दिसलं की चार किंवा जास्त दात गेलेले असणं, किंवा चतुर्थांशाहून थोडे जास्त खिसे खोल असणं, एवढ्या खुणेवरून मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था असूनही ठाऊक नसलेल्यांपैकी ७३ टक्के ओळखता आले. खुर्चीवरच बोट टोचून एचबीए१सी पाहिला तर ९२ टक्के. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या पाहणीप्रमाणे भारतात मधुमेही १०.१ कोटी आणि पूर्वावस्थेतले १३.६ कोटी. यांतल्या कित्येकांना स्वतःचा आजार ठाऊक नाही, पण हलणारा दात ठाऊक आहे. तो घेऊन ते देवासच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात किंवा बस गाठून इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जातात. देवासहून इंदूर चाळीस किलोमीटरच्या आत आहे, धारहून साठेक. दात उपटण्याआधी साखर विचारण्याची पद्धत आहेच. ती जखम भरेल की नाही यासाठी. हलणाऱ्या दातावरून नवा मधुमेह शोधण्यासाठी तोच ग्लुकोमीटर क्वचितच उचलला जातो.

खरी अडचण त्याच्या पुढची आहे. प्रश्न विचारले, हिरड्या सापडल्या, तर सफाई करणार कोण? स्केलिंगने दात सैल होतात, ही समजूत माळव्यात घट्ट आहे. तिला एक कारणही आहे: वर्षानुवर्षांचं किटण हलत्या दातांना एकमेकांशी सांधून धरतं आणि ते निघाल्यावर आधीच गेलेलं हाड उघडं पडतं. हे समजावून सांगून, अर्धा-पाऊण तास बसून खोल सफाई करायला, आणि दर तीन-चार महिन्यांनी परत बोलवायला, जिल्हा रुग्णालयातल्या एकदोन दंतवैद्यांचे हात पुरणार नाहीत. १९४८ च्याच दंतवैद्य कायद्याने डेंटल हायजिनिस्ट नावाचा वेगळा वर्ग मानला होता; दातांची सफाई करणारा आणि ती शिकवणारा, दोन वर्षांच्या पदविकेचा माणूस. कागदावर तो पाऊणशे वर्षं आहे. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात, साखर तपासण्याच्या टेबलाशेजारी, त्याला एक खुर्ची, एक स्केलर मशीन आणि पाण्याची जोडणी द्यावी लागेल, आणि त्याचा पगार मधुमेहाच्या कार्यक्रमातून काढायचा की मुखआरोग्याच्या, हे भोपाळला कोणालातरी ठरवावं लागेल.